राजाची कानउघाडणी

बाबिलोनच्या राजाला वर्षातून एकदा कान धरून देवापुढे गुडघ्यांवर बसवत, ही गोष्ट मी दिल्लीला आल्यावर पहिल्यांदा सांगितली ती नोएडातल्या एका अर्धवट इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, विटांच्या थप्पीवर बसून. ऐकणारे दोघेच होते. एक आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे अध्यक्ष, दुसरा पुण्याहून आलेला एक संगणक अभियंता. खाली मजूर जेवायला बसले होते. चौकटी न बसवलेल्या खिडक्यांतून मोहरीची पिवळी शेतं दिसत होती. त्या शेतांचे सेक्टर व्हायला अजून थोडा अवकाश होता.

नव्वदीच्या दशकातली ती मधली वर्षं. मी एका मंत्रालयात सहायक होतो आणि आर. के. पुरममधल्या एका क्वार्टरच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. वडील आमच्या तालुक्याच्या मार्केट यार्डात मापाडी. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इतिहासात एम.ए. केलं ते शिष्यवृत्तीवर. मग मोठ्या परीक्षेसाठी दिल्लीला आलो, मुलाखतीपर्यंत पोचलो, तिथून मागे फिरलो आणि दुसऱ्या एका परीक्षेतून या नोकरीला लागलो. बरोबरची मुलं हळहळली. मला मात्र हळहळायला जमलं नाही. ज्याच्या आईला एस.टी.ची पाटी वाचता येत नाही, त्याला दिल्लीत टेबल-खुर्ची आणि वर पंखा मिळाला, याचं मला तेव्हा अप्रूप होतं आणि आजही आहे.

बाबिलोनचं वेड मला लावलं ते आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी. प्राचीन संस्कृतींचा पेपर ते एकाच चित्रावर शिकवायचे. कुठल्याशा मासिकातून कापलेलं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ते चित्र वर्गात हातोहात फिरायचं. काळ्या दगडाचा उंच स्तंभ. वरच्या बाजूला सिंहासनावर बसलेला सूर्यदेव, त्याच्यापुढे एक हात तोंडाशी नेऊन उभा असलेला राजा, आणि खाली दगडभर बारीक अक्षरांत कोरलेले कायदे.

"नीट बघा," प्राध्यापक म्हणायचे, "बसलाय तो देव आहे. राजा उभा आहे. आपल्या कायद्याच्या दगडावर त्यानं स्वतःचं चित्र काढून घेतलं, तेही उभं राहिलेलं. राजालासुद्धा ज्याच्यापुढे उभं राहावं लागतं असं काहीतरी राज्यात हवं, हे त्याला कळलं होतं."

ते चित्र मी एकदा घरी नेलं. वडिलांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याच्या राज्यात मापं कोण तपासायचं?" मी दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारून आलो. उसनं देताना हलकं माप आणि परत घेताना जड माप वापरणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल त्या कायद्यात कलम होतं. वडील म्हणाले, "मग राजा शहाणा होता." आमच्या घरातलं बाबिलोनवरचं हे एकमेव मत, आणि ते मला अजूनही पुरेसं वाटतं.

तर सोसायटी. आर. के. पुरममधल्या मराठी सरकारी नोकरांनी मिळून ती काढली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, मग जायचं कुठे, या एका धास्तीतून. नोएडात भूखंड मिळाला आणि त्याच सुमारास काळ पालटला. घराघरात केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.चे बूथ आले, आणि खाजगी कंपन्यांत नोकरी करणारी पुण्या-मुंबईची मंडळी यमुनेपलीकडे घरं शोधू लागली. बदली होऊन गेलेल्या काही सभासदांनी नावं मागे घेतली. त्यांच्या जागी बाहेरच्यांना घ्यायचं ठरलं, त्या जागा भरल्या आणि उरलेल्यांची प्रतीक्षायादी झाली. यादीत पहिला होता तो हा पुण्याचा अभियंता. मी सोसायटीच्या कार्यालयीन कामात मदत करायचो, म्हणून सहचिटणीस. सगळ्यांत तरुण सभासदही मीच.

अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, अंगानं बारीक, आवाजानं मोठे. रविवारी सकाळी ते चार्टर्ड बसनं, बस नसली तर स्कूटरच्या मागे बसून, साइटवर यायचे. ट्रकमधून उतरलेल्या विटांतली कुठलीही एक उचलून छातीच्या उंचीवरून खाली टाकायचे. तुटली की ट्रक परत. ठेकेदार मेरठकडचा, गोड बोलणारा. एकदा मी साहेबांना बाबिलोनचं घरबांधणीचं कलम सांगितलं: बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, आणि भिंत कललेली दिसली तर त्यानं स्वतःच्या खर्चानं ती पक्की करून द्यायची. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ठेकेदाराला वर बोलावलं आणि मला ते हिंदीत पुन्हा सांगायला लावलं.

ठेकेदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "साहब, ये कानून यूपी में भी लागू है क्या?"

"अभी तक नहीं," साहेब म्हणाले, "लेकिन हमारे ये बाबू दिल्ली में बैठते हैं."

तेव्हापासून साहेब मला इतिहासकार म्हणू लागले. त्यात थोडी थट्टा होती, पण मला ते पदकासारखं वाटायचं.

राजा असा असावा, असं मला साहेबांकडे बघून वाटे. पण राजाचे जे दोष असतात तेही त्यांच्यात होते. दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते उत्तर द्यायचे. सभेत कुणाची तोंड उघडायची छाती नव्हती, आणि सभा संपली की क्वार्टरांच्या जिन्याखाली पाच-पाच जण उभे राहून त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. त्या दिवशी विटांवर बसून साहेब हेच म्हणत होते. "माझ्या पाठीमागे लोक काय बोलतात ते मला कळतं. समोर का बोलत नाहीत?"

अभियंता म्हणाला, "कारण तुम्ही समोर असता, साहेब."

मग मी ती गोष्ट सांगितली. बाबिलोनात नव्या वर्षाच्या उत्सवात राजा मुख्य देवाच्या मंदिरात जायचा. तिथे पुजारी त्याचा राजदंड, अंगठी, मुकुट काढून घेऊन आत ठेवायचा. मग राजाच्या थोबाडीत मारायचा. कान धरून देवापुढे गुडघ्यांवर बसवायचा. तिथे राजानं आपल्या तोंडानं सांगायचं, की मी चुकलो नाही, देवाची हेळसांड केली नाही, ज्यांना या नगरात संरक्षण आहे त्यांच्या गालावर मी मारलं नाही. मग पुजारी त्याला धीर द्यायचा, राजचिन्हं परत करायचा, आणि पुन्हा एक थोबाडीत. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वर्ष चांगलं जाणार. आलं नाही तर देव रागावलाय असं समजायचं. हा विधी आपल्याला कळतो तो कायद्याच्या त्या राजानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या मातीच्या पाट्यांवरून, हेही मी सांगितलं. एम.ए.ला एवढी शिस्त आम्हाला लावलेली होती.

साहेबांनी मला मध्येच तोडलं नाही, हेच नवल. मग म्हणाले, "आपल्याकडे मागून मारतात. ते समोरून मारत. यंदाच्या वार्षिक सभेत आपण हे करू."

"थप्पडसकट?" अभियंत्यानं विचारलं.

"थप्पड वगळून. माझी कवळी नवीन आहे."

आमची वार्षिक सभा डिसेंबरात, आर. के. पुरमच्या क्वार्टरांमधल्या हिरवळीवर, उन्हात व्हायची. सतरंज्या, शेंगदाणे, तीळगुळाची गजक, बायकांच्या हातात लोकरीचं विणकाम. त्या वर्षी साहेब कामकाज संपल्यावर खुर्चीवरून उठले. सोसायटीचा शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सर्वांत तरुण सभासदाच्या, म्हणजे माझ्या, हातात दिला आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. ज्याला जे बोलायचं ते बोलावं, आणि त्यांनी एका शब्दानं उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं होतं. शेवटी त्यांनी तीन वाक्यं म्हणायची. ती मी बाबिलोनच्या धर्तीवर मराठीत करून दिली होती: मी कामात हयगय केली नाही. मी स्वतःसाठी वेगळा नियम केला नाही. माझ्या भरवशावर असलेल्या कुणाला मी वाऱ्यावर सोडलं नाही. ती म्हटली की शिक्का परत.

पहिल्या वर्षी गंमतच झाली. कुणी म्हणालं, साहेब भाषण लांबवतात. कुणी म्हणालं, साइटवर बायकांसाठी आडोसा नाही, तुमच्या विटा तपासून झाल्या असतील तर तेवढं बघा. एका आजींनी तर "मेल्या, नमस्कार केला तर नमस्कार करत जा" असं सुनावलं. साहेबांचे ओठ दर वेळी हलायचे आणि ते बळंच मिटायचे. तीन वाक्यं त्यांनी खड्या आवाजात म्हटली, टाळ्या पडल्या, मी शिक्का परत दिला. आठवड्याच्या आत साइटवर आडोसा झाला. लोक त्या सभेला थप्पड मीटिंग म्हणू लागले आणि तिची वाट बघू लागले.

दुसऱ्या वर्षी जे झालं, त्यासाठी मी हे लिहितो आहे.

आमच्यातले एक सभासद, एका खात्यात वरिष्ठ लिपिक, पहिल्या थप्पड मीटिंगच्या बरंच आधी अचानक हृदयविकारानं गेले होते. सोसायटी काढणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी ते. मागे पत्नी आणि शाळकरी वयाच्या दोन मुली. आम्ही त्या बाईंना वहिनी म्हणायचो. क्वार्टर नोकरीबरोबर मिळालेलं, त्यामुळे ते सोडण्याची वेळ आली. सासरचे विदर्भातले. दीर येऊन तिघींना घेऊन गेले. वर्षभरानं वहिनी मुलींसह परत आल्या. गावी त्यांना कुणी छळलं नव्हतं, पण दिराच्या घरात मुलींच्या शाळेचा विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे, एवढं त्यांनी मला सांगितलं. जवळच्या मुनिरका वस्तीत एक खोली घेऊन त्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मुलांचे डबे करू लागल्या. आणि एके दिवशी नवऱ्याच्या फ्लॅटची चौकशी करायला सोसायटीत आल्या.

नियम असा होता की सभासद गेला तर वारसानं ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा. नाही केला तर सभासदत्व रद्द, जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला. मुदत कधीच उलटली होती. हप्त्यांचा प्रश्न नव्हता, नवऱ्याच्या फंडातून ते भरता आले असते. प्रश्न फक्त उशिराचा होता. आणि साहेबांनी तो आधीच एकदा सोडवलेला होता: एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाचा अर्ज थोडा उशिरा आला, तेव्हा वरून फोन आले, ओळखी निघाल्या, पण साहेब हलले नाहीत. त्या गोष्टीचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता. आता वहिनींसाठी नियम वाकवायचा कसा? त्यांनी वहिनींना बसवलं, पाणी दिलं, आणि हळू आवाजात नाही म्हणून सांगितलं.

वहिनींचं सगळं त्या फ्लॅटवर अवलंबून होतं. तो मिळाला तर मुली दिल्लीत शिकणार. नाहीतर मुनिरकाची खोली जमेल तितके दिवस, आणि मग गाव.

मला त्या दगडावरचं एक कलम राहून राहून आठवत होतं. राजाच्या चाकरीबद्दल शिपायाला शेत आणि बाग मिळायची. आमच्या क्वार्टरसारखीच, चाकरी आहे तोवर. शिपाई मोहिमेवर शत्रूच्या हाती सापडला आणि मुलगा लहान असला, तर त्या शेता-बागेचा तिसरा हिस्सा मुलाच्या आईला द्यायचा, म्हणजे ती त्याला वाढवील. मला त्या कायद्याचं खोटं कौतुक करायचं नाही. त्यात घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारा, असंही लिहिलेलं आहे, आणि खानदानी माणसाचा डोळा आणि गुलामाचा डोळा त्यात एका मोलाचे नाहीत. न्यायाधीश निवाडे देताना तो स्तंभ बघत होते की नाही, याचीही जाणकारांना शंका आहे. पण इतक्या जुन्या काळात कुणीतरी दरबारात बसून विचार केला, की शिपाई गेला तर त्या बाईचं काय, आणि तो विचार दगडात कोरून ठेवला. हे मी साहेबांना सांगितलं.

ते म्हणाले, "तो राजा होता, इतिहासकार. त्याला कलम घालता आलं. मी अध्यक्ष आहे. मला ते पाळायचं असतं."

डिसेंबर आला. कामकाज संपलं, साहेबांनी शिक्का आणि जुडगा माझ्या हातात दिला आणि खाली बसले. पहिली दोन-तीन बोलणी थट्टेची झाली. प्रतीक्षायादीतला आमचा अभियंताही शेंगदाणे सोलत मागे बसला होता. आणि मग सतरंजीच्या कडेला वहिनी उभ्या राहिल्या. त्या सभासद नव्हत्या. कुणीतरी "यांना बोलता येतं का?" असं पुटपुटलं, पण त्याला उत्तर द्यायला अध्यक्षांना बंदी होती आणि मला ते द्यायचं नव्हतं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "उशीर झाला, मला कबूल आहे. नियम सगळ्यांना सारखा, तेही कबूल. माझं म्हणणं वेगळंय. हे गेले तेव्हा तेराव्याला तुम्ही आला होतात. मुलींना जवळ घेतलंत. जाताना दारात मला म्हणालात, वहिनी, काही लागलं तर सांगा. मला काय लागणार होतं ते मला कुठे ठाऊक होतं? तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही तेव्हाच म्हणाला असतात, की अमुक दिवसांत एवढा कागद आणून द्या, तर मी दुसऱ्या दिवशी आणून दिला असता. तुम्ही माझ्या दारात उभे होतात, साहेब."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. आवाज चढला नव्हता. विणणाऱ्या सुया मात्र थांबल्या होत्या.

साहेब उभे राहिले, नेहमीप्रमाणे हात पाठीमागे बांधले. "मी कामात हयगय केली नाही." थांबले. "मी स्वतःसाठी वेगळा नियम केला नाही." हे वाक्य त्यांनी जोरात म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग, "माझ्या भरवशावर असलेल्या…"

ते तिथेच राहिले. आम्हाला वाटलं विसरले. मी हळूच पुढचे शब्द सांगितले.

"पाठ आहे मला," ते म्हणाले. "आज म्हणता येत नाही."

मी शिक्का पुढे केला. त्यांनी माझा हात मागे सारला. "वाक्य पुरं झालं की घेईन." आणि टोपी घालून घरी गेले.

पुढचे काही महिने आमची फार ओढाताण झाली. शिक्का आणि किल्ल्या माझ्या खोलीत तांदळाच्या डब्यात. साहेब रविवारी साइटवर यायचे, विटा टाकून बघायचे, पण सही एकाही कागदावर करायचे नाहीत. ठेकेदार माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाबूजी, आपके राजा साहब रूठ गए क्या?" कार्यकारिणीनं विनवण्या केल्या. एक जण चिडून म्हणाला, "साहेब, तो खेळ होता!"

"असेल," साहेब म्हणाले. "मी खेळात खोटं बोलत नाही."

ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. नियम मोडायचा नाही, हे त्यांचं कायम होतं. मग नियम बदलायचा, तोही उघड, सगळ्यांसमोर, सगळ्यांसाठी. त्यांनी नवं कलम लिहिलं: सभासद वारल्यावर सोसायटीच्या माणसानं वारसाच्या घरी जाऊन, त्याला समजेल अशा भाषेत हा नियम वाचून दाखवावा, आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. आधी ज्यांचे हक्क असे गेले त्यांनाही ते लागू. पहिला कच्चा मसुदा घेऊन ते त्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलाकडे स्वतः गेले, मला घेऊन. त्या मुलानं ऐकून घेतलं आणि हसला. त्यानं कधीच दुसरीकडे घर घेतलं होतं. "पण तुम्ही सांगायला आलात, अंकल, याचं बरं वाटलं." परतीच्या बसमध्ये साहेब म्हणाले, "बघा, हा हसला. हसू शकतो म्हणून. तिला हसता येणार नव्हतं, हे मला आधी दिसायला पाहिजे होतं."

बाबिलोनच्या राजानं स्तंभाच्या शेवटी लिहून ठेवलं आहे, की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्यानं इथे यावं, हा लेख कुणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि त्याला आपला हक्क समजून त्याचं मन हलकं व्हावं. वाचता न येणाऱ्याचाही त्यानं विचार केला होता. कॉलेजात हे वाचताना मला माझ्या आईचा चेहरा दिसला होता. साहेबांचं कलम मी टाइप करत होतो तेव्हा पुन्हा दिसला.

विशेष सभा फेब्रुवारीत झाली. कलम वाचून झालं आणि सगळ्यांच्या माना नकळत मागे वळल्या. कलम मंजूर झालं तर फ्लॅट वहिनींचा, आणि तोच फ्लॅट आता प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला, म्हणजे अभियंत्याला, द्यायचा ठरला होता. तो सभासद नव्हता, म्हणून त्याला मतदानाचा हक्क नव्हता. तो उठून उभा राहिला.

"साहेब, थप्पड तुम्ही खाल्लीत आणि गाल माझा लाल झाला," तो म्हणाला. थोडे लोक हसले, तो हसला नाही. "दोन हिवाळे मी तुमच्याबरोबर साइटवर येतोय, यार. कुठल्या खिडकीत कुंडी ठेवायची ते बायकोनं ठरवलंय. तिला काय सांगू?" मग वहिनींकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर राग नाही. मला पगार आहे, मला कुणीतरी घर विकेल. पण मलाही वाईट वाटलं, एवढं लिहून घ्या."

साहेब उठले, त्याच्याजवळ गेले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. हात वर करून मतदान झालं. सगळे हात वर आले नाहीत, पण पुरेसे आले.

सहकार खात्याची मान्यता उन्हाळा संपता संपता मिळाली. साहेबांनी मला तांदळाच्या डब्यातला शिक्का घेऊन मुनिरकाला यायला सांगितलं. वहिनींच्या खोलीत डबे भरणं चाललं होतं, मुलीही हाताखाली होत्या. साहेब दारातच थांबले. "वहिनी, एक वाक्य राहिलंय. तुमची परवानगी असेल तर म्हणतो."

वहिनींनी पोळी लाटता लाटता वर पाहिलं. "तुम्ही सोडलं होतंत, साहेब. ते खोटं कसं होईल?"

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग असं म्हणतो: सोडलं होतं, परत आलो."

"हे चालेल," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, द्या त्यांना ते शिक्क्याचं."

मी शिक्का दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मी बघितलं नाही. बाबिलोनच्या पुजाऱ्यानं बघितलं असतं, ते त्याचं कामच होतं. मी मुलींना डब्यांची झाकणं लावायला मदत करू लागलो.

तो काळा स्तंभ पुढे एका शेजारच्या राजानं लुटून नेला. जो कुणी माझा लेख पुसेल त्याचं वाटोळं होवो, असे शाप राजानं त्यावर कोरले होते. तरी लुटणाऱ्यानं काही ओळी घासून टाकल्याच. राज्य गेलं, नगर गेलं. तरी राजा होणं म्हणजे काय, याचा त्या माणसांनी केलेला विचार मला फार मोठा वाटतो. बळ आहे म्हणून मी राजा, एवढं सांगून ते थांबले नाहीत. बळी तो कान पिळी असं होऊ नये म्हणून मी राजा, असं त्यांना सांगावंसं वाटलं. आणि ते सांगणाऱ्यालाही वर्षातून एकदा कुणीतरी मुकुट काढून विचारलं पाहिजे, हेही त्यांच्याच नगरात सुचलं.

इमारत पुरी झाली. सोडतीत वहिनींना चौथा मजला आला. अभियंत्याला पुढच्या वर्षी पलीकडच्या सेक्टरात घर मिळालं, आमच्यापेक्षा मोठं, आणि ते सांगायला तो मुद्दाम पेढे घेऊन आला. साहेब तळमजल्यावर राहायला आले, मी दुसऱ्या.

पहिल्याच मे महिन्यात एका सकाळी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून हाक आली. सगळी इमारत ऐकेल अशी.

"साहेब! तुमच्या राज्यात पाणी चौथ्या मजल्यावर चढत नाही!"

साहेब दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच, खांद्यावर टॉवेल, असे ते जिना चढू लागले. माझ्या दारापाशी दम खायला थांबले. मी म्हणालो, "साहेब, मी प्लंबरला घेऊन जातो वर. तुम्ही कशाला?"

"मला बोलावलंय," ते म्हणाले, आणि कठडा धरून पुढचा मजला चढू लागले.